कवींकडून प्रार्थना शिकू या



'जे न देखे रवि, ते देखे कवि' ही म्हण आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकली की वाटते, कवी म्हणजे आपल्याच तंद्रीत राहणारा, जगावेगळा माणूस. त्याचा आपल्या घरादाराशी, शेतीभातीशी आणि प्रार्थनेशी काय संबंध? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या. कारण काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर आम्हाला चिखलाने भरलेल्या एका घरात मिळाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत कितीतरी घरांत पाणी शिरले. ते ओसरल्यावर आम्ही कुटुंबांच्या भेटी घेत होतो. एका घरात भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ उमटली होती. घरातल्या मावशी गाळ काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, जपमाळ हातात घेते, पण ओठ हलत नाहीत. देवाला सांगू तरी काय?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "मावशी, जीव वाचला ना? देवाचे आभार माना." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा फावडे उचलले. आमचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, हे आम्हालाही कळले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, दुःखाच्या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली; पण त्या दिवशी त्यातले एक वाक्य कामी आले नाही.

त्या रात्री आम्ही स्तोत्रसंहिता उघडली. ६९ वे स्तोत्र आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते. त्या रात्री ते नव्याने वाचले. स्तोत्रकर्ता देवापुढे तक्रार करतो की, आपण पुरात सापडलो आहोत, पाय टेकायला जागा नाही, हाका मारून घसा कोरडा पडला आहे आणि देवाची वाट पाहून डोळे शिणले आहेत. तो आपले दुःख झाकत नाही आणि देवाला सोडूनही जात नाही. काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी उपदेश केला नाही; फक्त ते स्तोत्र सावकाश वाचून दाखवले. मावशी म्हणाल्या, "हे तर माझंच आहे की!" मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. लग्नाचे फोटो वाहून गेले, धान्य कुजले, रात्री पाऊस आला की झोप लागत नाही, सारे सांगितले. शेवटी त्याच म्हणाल्या, "फादर, आता एक दशक म्हणू या."

प्रिय भाविकहो, स्तोत्रे म्हणजे कविता आहेत. ख्रिस्तसभा रोजच्या मिस्सामध्ये कविता वाचते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मग कवी नेमके करतो तरी काय?

वर्ड्‌स्वर्थ या इंग्रज कवीने १८०० साली याचे एक उत्तर दिले. त्याच्या मते, कविता प्रबळ भावनेतून आपसूक उसळते. पण त्या भावनेची मनात शांतपणे पुन्हा आठवण केल्यावर ती जन्म घेते. म्हणजे नुसते रडणे ही कविता नव्हे आणि नुसते शहाणपणही नव्हे. आधी पाहायचे, मग मनात मुरू द्यायचे, आणि मग खरे तेच बोलायचे.

हे समजायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. आपल्या साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक राहत होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्यामुळे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूच्या घरी गेले. ते कॅथलिक नव्हते. पण त्यांचे अभंग मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठी आजही आहेत.

महाराष्ट्र त्यांना 'फुला-मुलांचे कवी' म्हणतो. 'वनवासी फूल' या कवितेत ते रानातल्या एकट्या फुलाशी बोलतात. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. त्यात एक घायाळ पक्षीण धडपडत आपल्या पिलांकडे येते. 'हिंसा वाईट आहे' असे कोणीही सांगू शकतो. टिळकांनी ती पक्षीण आपल्याला दाखवली. म्हणून इतक्या वर्षांनंतरही तिची आठवण झाली की गलबलून येते.

टिळक गेले त्याच १९१९ साली, १ ऑक्टोबरला, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे येथे ग. दि. माडगूळकर जन्माला आले. आटपाडीचा तो माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. पावसाची वाट पाहण्यातच तिथल्या पिढ्या गेल्या. आणि त्याच मातीतल्या या कवीने १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटासाठी ढग, पाऊस आणि मोराचे गाणे लिहिले. सांगलीच्याच मातीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी ते गायिले. आजही बालवाडीतली मुले त्यावर नाचतात. आम्हाला वाटते, पावसाचे मोल ज्याला कळते, त्यालाच पावसाचा असा आनंद गाता येतो. टंचाईने त्या कवीला कडू केले नाही, कृतज्ञ केले.

आपल्या परंपरेतही हेच दिसते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना भाऊ-बहीण म्हणत देवाची स्तुती गायिली. त्या वेळी तो फार आजारी होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्याला उजेड सोसवत नव्हता, त्याने सूर्याबद्दल देवाचे आभार मानले! पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली निसर्गरक्षणावर परिपत्रक लिहिले, तेव्हा त्याचे नाव याच स्तुतिगीतातून घेतले.

आणि स्वतः प्रभू येशू? चिंता करू नका, हे त्याने कोरड्या शब्दांत सांगितले नाही. त्याने शिष्यांना आकाशातली पाखरे आणि रानातली फुले पाहायला लावली (मत्तय, अध्याय ६). कास पठार साताऱ्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. पावसाळा सरता सरता तिथे फुले उमलतात, आणि आपण जातो, फोटो काढतो, परततो. प्रभूने सांगितलेले ते पाहणे आपण केले का?

आपल्या प्रार्थना पुष्कळदा किराणा मालाच्या यादीसारख्या असतात: नोकरी, लग्न, परीक्षा, दवाखाना. मागणे चुकीचे नाही. प्रभूनेच मागायला शिकवले आहे. पण मुलाने बापाशी फक्त मागण्यापुरतेच बोलावे काय? आपला राग, आपली भीती, पहिल्या पावसाचा आनंद, आंब्याला आलेला मोहर, हेही बापाला सांगावे. देवाला आपले अलंकारिक शब्द नकोत. त्याला आपले खरे मन हवे आहे.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक लहानसे काम करावे. संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बंद करून दहा मिनिटे अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीशी बसावे. एक गोष्ट नीट पाहावी. झाड, ढग, पाखरू किंवा आजीचे हात. मग मनात जे आले ते चार ओळींत, साध्या बोलीत, देवाला उद्देशून लिहावे. यमक जुळले नाही तरी चालेल, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. तक्रार असेल तर तक्रार लिहा. नाव घालू नका. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे नातवंडांनी लिहून घ्यावे. पुढील रविवारी ते कागद अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसासोबत वेदीजवळ ठेवू या. आमचाही एक कागद त्यात असेल.

ज्याने स्तोत्रकर्त्याचे रडणे ऐकले आणि फ्रान्सिसचे गाणेही ऐकले, तो पिता आपलेही ऐको. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू