यंत्राच्या पोटातले यंत्र

संगणकाच्या धंद्यातील मंडळींनी आपल्या परिभाषेत दोन शब्द मोठे घरगुती घेतले आहेत: यजमान आणि पाहुणा. आजच्या नव्या संगणकावर एक आज्ञावली बसवितात. ती त्याच्या स्मृतीतला एक तुकडा वेगळा काढते आणि तेवढ्या जागेत पंचवीस वर्षांपूर्वीचा अख्खा संगणक असल्याचा देखावा उभा करते. मग त्या देखाव्यात विंडोज ९८ सारखी केव्हाच निवृत्त झालेली प्रणाली पूर्वीसारखी कामाला लागते. बाहेरचे यंत्र यजमान, आतली प्रणाली पाहुणा. गंमत अशी, की आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याला ठाऊकच नसते. ज्या तबकडीवर आपण सारे लिहितो असे त्याला वाटते, ती यजमानाच्या घरातली एक फाइल असते. युक्ती जुनीच आहे. आयबीएम कंपनीने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी ती १९७२ साली ग्राहकांना दिली होती; आज व्हर्च्युअलबॉक्सच्या रूपाने ती कोणालाही फुकट मिळते.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमच्या सिंदेवाहीकडे दिवाळी म्हणजे नाटकांचे दिवस. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी धानाच्या शेतीतून सवड काढून अशी तीन नाटके लिहिली, आणि २००२ साली ती टायपिंगच्या दुकानात संगणकावर उतरवून घेतली. पुढे ते वारले. वह्या उधईने खाल्ल्या. राहिल्या त्या तीन फाइली. आणि नव्या संगणकावर त्या उघडाव्यात तर मराठीचे नाव नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी!

त्याचे कारण असे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण विंडोजमध्ये ती आली २००० साली, आणि तालुक्याच्या दुकानात त्याहूनही उशिरा. तोवर श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवून काम भागवीत. आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. त्या जुन्या संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. त्याला फक्त आकार ठाऊक होते. अमुक खूण आली की अमुक रेघ काढायची, एवढेच.

गृहस्थांच्या पुतण्याने जुनी प्रणाली आणि जुना फॉन्ट मिळवून आपल्या यंत्रात पाहुण्याची जागा केली, आणि नाटक पडद्यावर जसेच्या तसे आले. थोरल्या मुलाला हे पसंत नव्हते. त्याचे म्हणणे, हे सोंग हवे कशाला? एकदा मजकूर युनिकोडमध्ये उतरवा, छापा, आणि जुने टाकून द्या. त्याप्रमाणे पहिले नाटक उतरवलेही. काही ऱ्हस्व इकार नि रफार जागा चुकून भलत्या अक्षरांवर जाऊन बसले, कारण जुन्या फॉन्टात ते दिसतील त्या क्रमाने लिहीत आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ते हाताने सुधारता आले. खरी गोष्ट पुढे झाली. नाटकातली म्हातारी ‘पानी’ मागते. नव्या संगणकाला मराठी येते, म्हणून त्याने प्रत्येक ‘पानी’खाली लाल रेघ ओढली, आणि उतरवणाऱ्या मुलाने मोठ्या सद्भावनेने ते सगळीकडे ‘पाणी’ केले. झाडीची म्हातारी एका दुपारात सदाशिव पेठेची झाली.

जुन्या यंत्राने ‘पानी’ला हात लावला नव्हता, कारण त्याला काहीच कळत नव्हते. त्याचे अज्ञान हाच त्याचा प्रामाणिकपणा होता, हा विचार मला अनेक दिवस सोडीना.

मग त्या पाहुण्याला त्याच्या भ्रमात ठेवणे ही फसवणूक नव्हे काय? मला तसे वाटत नाही. फसवणुकीला दुखावला जाणारा कोणी लागतो. आपण त्या पाहुण्याची अवस्था एखाद्या क्षणी जतन करू शकतो आणि वाटेल तेव्हा त्याला त्या क्षणी परत नेऊ शकतो. मधले सारे त्याच्यापुरते घडलेलेच नसते. यंत्राच्या बाबतीत ही सोय आहे, आणि त्यात कोणाचे काही जात नाही. त्याला इंटरनेटला मात्र जोडू नये. विंडोज ९८ ची डागडुजी २००६ सालीच थांबली. त्याला आजच्या चोरांची ओळख नाही.

पण हीच सोय माणसांच्या बाबतीत करू पाहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला राग येतो. शहरातले एक रसिक आमच्याकडे नाटक पाहायला आले होते. ध्वनिक्षेपक आणि रंगीत दिवे पाहून त्यांचा विरस झाला. झाडीपट्टीने आपले जुनेपण राखायला हवे होते, असे त्यांचे मत पडले. स्वतः मात्र ते मोटारीने आले होते! आम्ही त्यांच्या यंत्रातले पाहुणे व्हावे, आणि त्यांना आठवण झाली की पंचवीस वर्षांपूर्वीचे बोलून दाखवावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही आपण असेच एका काळात बसवून ठेवतो; त्यांनी नवे मत दिले की आपल्याला चमत्कारिक वाटते. न बदलणे हा कागदाचा गुण असेल. जिवंत माणसाकडून त्याची मागणी करणे मला निर्दयपणाचे वाटते.

म्हणून मी थोरल्या मुलाला सांगितले, की तिन्ही नाटके छापा, पण पाहुण्याला काढू नका. उतरवणारा हात बदलला की सुधारणा होणारच; तेव्हा ज्याला काही कळत नाही असा एक साक्षीदार घरात असू द्यावा. ते त्याला पटले की नाही कोण जाणे. पण छापील प्रत ताडून पाहिली गेली आणि म्हातारीचे ‘पानी’ तिला परत मिळाले.

यंदाच्या मंडईत त्यांतले पहिले नाटक लागायचे आहे. म्हातारीचे काम करणारी मुलगी कॉलेजात शिकते. परवा तालमीत तिच्या तोंडून सहज ‘पाणी’ गेले. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, आणि तालीम पुढे चालू राहिली.