दुधाचं चीज

शेजारच्या कन्नड आजींनी परवा स्टीलच्या डब्यातून गिण्णु पाठवला. आपला खरवसच तो. गूळ, वेलची, सुरीने कापलेल्या वड्या आणि प्रत्येक वडीच्या कडेला सुटलेलं थोडं पाणी. त्यांच्या गावी गाय व्याली होती. चीक पहाटेच्या बसने निघाला आणि दुपारी बंगळुरूतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर शिजला. बेळगावला माझ्या आजोळी हेच व्हायचं. वासराचं पोट भरलं की उरलेला चीक चार घरी जायचा. तो विकायची गोष्टच नव्हती. ज्याच्या घरी जायचा त्याने त्याच दिवशी शिजवायचा, आणि शेजाऱ्याचा डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही.

चिकातली प्रथिनं नुसत्या वाफेने थिजतात. त्याला ना विरजण लागतं, ना लिंबू. साध्या दुधाला मात्र थिजण्यासाठी काहीतरी लावावं लागतं, आणि चीजची सुरुवात तिथूनच होते. म्हणून चीज हे परक्या घरातून आलेलं नवल आहे असं मला कधी वाटलं नाही. खरवसाच्या घरातलंच ते, फक्त लांबच्या गावी वाढलेलं.

‘आपल्याकडे चीज नव्हतं’ असं म्हणताना एक कारण हमखास सांगितलं जातं: दूध नासणं आपण अशुभ मानतो. अन्नाच्या इतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनीही मांडलं आहे की दूध मुद्दाम फोडणं इथे निषिद्ध होतं आणि बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या सहवासाने तो निर्बंध सैल झाला. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या 1129-30च्या सुमाराच्या ग्रंथात वेगळंच चित्र दिसतं. उकळत्या दुधात आंबट घालून ते फोडायचं, फडक्यातून गाळायचं, निघालेला गोळा तांदळाच्या पिठीबरोबर मळून तळायचा आणि साखरेत घोळवायचा, अशी क्षीरप्रकार नावाच्या गोडाची कृती तिथे आहे. ते कल्याण म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, जिथे कन्नड आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. राजाच्या मुदपाकखान्यात दूध फोडलं जात होतं आणि त्याची कृती ग्रंथात लिहून ठेवण्याइतकी ती मानाची गोष्ट होती.

आपण केलं नाही ते एवढंच की दूध मुरवलं नाही. कैरी मुरवली, लिंबू मुरवलं, आवळा मुरवला. दुधाचं मात्र दही, ताक, लोणी, तूप केलं, आणि तूप झालं की टिकवण्याचा प्रश्नच मिटला. मुरणाऱ्या चीजला दहा ते तेरा अंशांची दमट खोली लागते. आपल्या उन्हाळ्यात ती कुठून आणायची? शिवाय युरोपात दूध थिजवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरत. ज्या घरात गाईला नैवेद्य दाखवतात तिथे ते चाललंच नसतं. आता सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट मिळतं, थंड खोलीही विजेवर मिळते. दोन्ही अडचणी सरल्या आहेत, आणि बंगळुरूत त्याचा पुरावा चाखता येतो.

या शहरात व्हॅलम्ब्रोसन बेनेडिक्टिन साधूंचा मठ आहे. हा पंथ अकराव्या शतकात इटलीतल्या तोस्कानाच्या डोंगरात सुरू झाला. इथल्या मठातले फादर मायकल इटलीत चीज करायला शिकून आले, आणि आज मठाचं मोझरेला, रिकोटा, मास्कारपोने, बुर्राता गावभरच्या हॉटेलांत आणि घरांत जातं. मोझरेला करताना बघण्यासारखं असतं. थिजलेल्या दुधाचे तुकडे कढत पाण्यात टाकतात. ते एकमेकांना धरू लागले की हाताने ओढून, दुमडून, पुन्हा ओढून त्यांना रेशमासारखी चकाकी आणतात. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत गोळा तोडतात. इटालियनमधल्या ‘तोडणे’ या क्रियापदावरूनच मोझरेला हे नाव पडलं. बुर्राता म्हणजे त्याच लगद्याची पारी. आत साय आणि मोझरेलाच्या चिंध्या भरून वरून कळी मिटायची. उकडीचे मोदक वळलेल्या हातांना हे काम सांगावं लागणार नाही.

बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. साधूने हाताने काम करावं आणि दारी आलेल्या पाहुण्याचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आला असं समजून करावं. संत बसवण्णांच्या त्याच कल्याणात कायक आणि दासोह, म्हणजे श्रम आणि त्यातून दुसऱ्याला देणं, हे दोन शब्द असेच जोडीने आले. मठातल्या चीजचा मला आदर वाटतो तो यामुळे. ते पाहुण्यापुढे ठेवण्यासाठीच घडत आलं आहे.

ते ठेवायचं कसं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पानाची डावी बाजू ही चीजची जागा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही सगळी डावीकडची मंडळी थोडी, तीव्र आणि बाकी जेवणाला चव आणणारी. मुरलेलं चीज अगदी तसंच आहे. डोशावर आणि पावभाजीवर किसाचा डोंगर रचला की डावीकडचा पदार्थ भातासारखा वाढला जातो, आणि मग ना डोशाची चव लागते ना चीजची. आठ जातींनी भरलेली लाकडी फळी दिसते छान, पण तिसऱ्या तुकड्यानंतर जिभेला काही कळेनासं होतं. एक मऊ आणि एक मुरलेलं, एवढं पुरे. सोबत ज्वारीची कडक भाकरी मोडून ठेवावी. मुरलेल्या चेडरबरोबर चमचाभर मेथांबा खाऊन पाहावा. कैरीचा आंबटपणा, गूळ आणि मेथीचा कडवटपणा चीजच्या खारटपणाला असा भिडतो की विलायती जॅमची आठवणही होत नाही.

वाईनचंही शास्त्र याहून वेगळं नाही. स्निग्ध पदार्थाला आंबट सोबती लागतो, म्हणून बकरीच्या दुधाच्या ताज्या चीजशी शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ जुळते. लाल वाईनमधला तुरटपणा प्रथिनांना धरतो, म्हणून शिराझबरोबर कडक, मुरलेलं चीज हवं. निळ्या बुरशीचं खारट चीज गोड वाईनपाशी शांत होतं. यासाठी बंगळुरूकराला लांब जावं लागत नाही. नंदी डोंगराच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरजवळ ग्रोव्हर यांची वाईनरी 1988 पासून आहे, आणि इथल्या गडद जांभळ्या ‘बंगलोर ब्लू’ द्राक्षाला भौगोलिक मानांकन आहे. पण आमच्यासारख्या घरात निम्मी माणसं वाईन घेत नाहीत, आणि त्यांना कोरडं बसवणं हा पाहुणचार नव्हे. कमी साखरेचं कोकम सरबत पांढऱ्या वाईनचं काम चोख करतं. कॉफीचीही जोडी जमते. मुंबईच्या एलेफ्थेरिया या चीज कंपनीने केलेल्या ब्रूनोस्टला 2021 मध्ये वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. हे नॉर्वेचं तपकिरी चीज निवळी आटवून करतात. खवा आणि करपट साखर यांच्या मधली त्याची चव फिल्टर कॉफीच्या पेल्याबरोबर खुलते. नॉर्वेतही ते कॉफीबरोबर खातात.

आणि ज्या दिवशी पाहुणे नसतात, अंगात कणकण असते, बाहेर बंगळुरूचा चार दिवसांचा पाऊस लागलेला असतो, त्या दिवशी मला यातलं काहीच नको असतं. अमूलच्या गोल डब्यातलं चीज, लोखंडी तव्यावर दाबून भाजलेला पाव आणि हिरवी चटणी. लहानपणी आई वर्षातून दोनदा बेक्ड व्हेजिटेबल्स करायची. तेव्हा डबा फोडणं हा सोहळाच असायचा. प्रोसेस्ड चीज मुरत नाही, बदलत नाही. दरवेळी तेच लागतं, आणि आजारी माणसाला तेच हवं असतं.

राहिली भेट. दिवाळीत सुक्या मेव्याची खोकी एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात फिरतात. बुर्राताला हा प्रवास झेपत नाही. दोन-तीन दिवसांत ते खावंच लागतं, चिकासारखं. म्हणून ते कुणालाही द्यावं असं नाही. आजच खाणाऱ्या माणसाला द्यावं, आणि देताना कसं खायचं तेही सांगावं. आमच्याकडे पहिल्यांदा कुणीतरी आणलेलं सालीचं मऊ चीज मी फ्रिजमधून काढून लगेच वाढलं होतं. ते साबणासारखं घट्ट आणि बेचव लागलं, आणि वर्षभर घरात कुणी चीजचं नाव काढलं नाही. तेच चीज तासभर बाहेर राहिलं असतं तर सालीच्या आतून सैलावलं असतं आणि त्याला अळंब्यासारखा, ओल्या मातीचा वास आला असता.

आजींचा डबा मी धुऊन पुसला, त्यात मठातल्या मोझरेलाचे दोन गोळे त्यांच्या पाण्यासकट ठेवले आणि वर कन्नडमध्ये चिठ्ठी लावली: अर्धा तास बाहेर ठेवा, मीठ-मिरी घाला, आजच खा. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. त्यात तांदळाच्या चार अक्की रोट्या होत्या, आणि त्यांच्या नातीने निरोप दिला की आजींना मठाचा पत्ता हवा आहे.