आत्म्याला लिंग नाही, हे कुणाला ऐकवायचे?

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांनी विसाव्या शतकाला गीतेचे दोन मोठे भाष्यकार दिले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले, रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. एकाने गीता मराठीत आणून तिला ‘गीताई’ म्हटले आणि भूदानासाठी देश पायी पालथा घातला; दुसऱ्याने गीतेतल्या अंतर्यामी ईश्वराचा विचार किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांपर्यंत नेला. वाटा निराळ्या, पण पाया एकच: माणूस म्हणजे त्याचा देह नव्हे. हे मान्य करायला कुणाची हरकत नसते, कारण आपण ते बहुधा कुणाच्या मरणाच्या वेळी बोलतो. जगण्याच्या संदर्भात ते बोलले की खरी परीक्षा सुरू होते. आपल्यात अशी माणसे आहेत, ज्यांना ‘पुरुष’ ही ओळख लागू पडत नाही, ‘स्त्री’ ही पुरती लागू पडत नाही, आणि तरी स्त्रीत्वाशी आपले सख्खे नाते आहे, असे ती सांगतात. कुणी पुरुषदेहाने जन्मलेले असते, कुणी स्त्रीदेहाने. आजची तरुण मुले त्यासाठी ‘नॉन-बायनरी’ म्हणतात. जोगते आणि हिजडा समाजातले अनेक जण आपापल्या रीतीने हे फार आधीपासून सांगत आले आहेत. गीता मानणाऱ्या समाजाने त्यांना काय उत्तर द्यावे? माझे म्हणणे असे की, आत्मा लिंगातीत आहे हा सिद्धांत त्यांना गप्प करण्यासाठी वापरता येत नाही. तो खरोखर मानायचा, तर त्यांना जागा देण्याचे बंधन तो आपल्यावरच घालतो.

धार्मिक माणसाचे नेहमीचे उत्तर मात्र उलट असते. आत्मा स्त्री नाही, पुरुष नाही, नपुंसक नाही, तो ज्या देहात जातो त्या देहाने ओळखला जातो, असे श्वेताश्वतर उपनिषद सांगते. मग देहाच्या आणि मनाच्या या ओळखींचा एवढा आग्रह कशाला, त्यापलीकडे जा, असा उपदेश केला जातो. ऐकायला तो उदात्त वाटतो, पण तो कुणाला केला जातो ते पाहावे. मुंजीत मुलाला दंड-मेखला देताना, लग्नात मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र घालताना, श्राद्धाचा अधिकार मुलाचाच असे सांगताना कुणीही म्हणत नाही की आत्म्याला लिंग नसते. ज्यांची ओळख समाजाच्या रूढ चौकटीत बसते त्यांना गृहस्थधर्म, आणि ज्यांची बसत नाही त्यांनाच तेवढा वेदान्त, अशी ही वाटणी आहे. सिद्धांत खरा असेल तर तो पुरुषाचे पुरुषपण आणि स्त्रीचे स्त्रीपण तितकेच सैल करतो. आणि व्यवहारात बाकी सगळ्यांना आपापल्या ओळखीत जगायची मुभा असेल, तर ती मुभा तिसऱ्यालाही आहे. या दोन्हींपैकी एक तरी मान्य केले पाहिजे. दोन्ही नाकारून फक्त एकाच माणसाला देहातीत व्हायला सांगणे हा अन्याय आहे.

याच सिद्धांताचा दुसरा उपयोग कसा होतो, ते विनोबांनी दाखवले. १९५९ साली त्यांनी वर्ध्याजवळ पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. ब्रह्मविद्या आणि संन्यास हे आपले क्षेत्र नव्हे, असे स्त्रियांना शतकानुशतके सांगितले गेले होते. विनोबांचा युक्तिवाद साधा होता: आत्म्याला लिंग नसेल, तर ब्रह्मविद्येचा अधिकार लिंगावरून ठरूच शकत नाही. शंकराचार्यांच्या तोडीची वैराग्यशील, ज्ञानी स्त्री निर्माण व्हावी, अशी आकांक्षा त्यांनी बोलून दाखवली. म्हणजे ‘तुम्ही मुळात स्त्री नाहीच, मग स्त्री म्हणून मागणे कसले’ असे त्यांनी बायकांना सुनावले नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी त्यांनी दार बांधले आणि आतला कारभार त्यांच्याच हाती दिला. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत स्त्रीरूप विभूती सांगतात: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा. या सात शक्तींवर विनोबांनी विस्ताराने प्रवचने केली. त्या यादीकडे नीट पाहिले तर दिसते की तिच्यात गर्भाशय नाही, रूप नाही, नाजूकपणा नाही. बुद्धी आहे, धीर आहे, बोलण्याचे सामर्थ्य आहे. स्त्रीत्व म्हणून गीता ज्याचा गौरव करते ते कुणाही माणसाला साधता येते, आणि ईश्वराला तर स्वतःचेच म्हणावेसे वाटते. विनोबांनी या विचाराचा उपयोग नॉन-बायनरी माणसांसाठी केला, असा दावा मी करत नाही. त्यांनी सिद्धांताची जी दिशा ठरवली, ती पुढे चालू ठेवली तर आपण कुठे पोचतो, एवढेच दाखवतो आहे.

पांडुरंगशास्त्र्यांच्या विचारातून आपण त्याच ठिकाणी पोचतो. त्यांच्या स्वाध्याय चळवळीचे सार असे की, ईश्वर देवळात आहे तसा माझ्या आत आहे, म्हणून मला आत्मगौरव हवा. तो समोरच्याच्याही आत आहे, म्हणून परसन्मान हवा. त्यांची जयंती स्वाध्याय परिवार ‘मनुष्य गौरव दिन’ म्हणून साजरी करतो. या परिवाराच्या त्रिकाल संध्येत सकाळी उठताना, जेवताना आणि झोपताना अशी तीन वेळा ईश्वराची आठवण केली जाते, कारण जाग येणे, अन्न पचणे आणि शांत झोप लागणे ही त्याची करणी मानली जाते. या तिन्ही गोष्टी ज्या देहात घडतात त्या प्रत्येक देहात तो आहे. त्यासाठी दुसरी अट नाही. आपली ओळख नेमकी काय हे घरात सांगायला घाबरणारे एखादे मूल रोज सकाळी त्याच ईश्वराच्या बळावर डोळे उघडते. ज्याला हा विचार मान्य आहे, त्याला त्या मुलाची टिंगल करता येणार नाही. परसन्मानात ‘पर’ म्हणजे आपल्यासारखा दुसरा एवढेच धरले, तर त्या तत्त्वाला काही अर्थच उरत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की, अध्यात्म ठीक, पण धर्माचा आचार देहावर उभा आहे. स्त्री कोण, हे शरीरच ठरवते. आपल्या आचाराकडे पाहिले तर हे खरे ठरत नाही. हळदीकुंकवाचे उदाहरण घ्या. पेण-रोह्यातही संक्रांतीला घरोघरी होणारा हा बायकांचा मान. देहच प्रमाण असता, तर विधवेला त्यातून वगळायचे कारण काय होते? तिचा देह आदल्या दिवशी होता तोच होता. नवरा गेला आणि तिचे सवाष्णपण गेले, म्हणजे धार्मिक व्यवहारातले तिचे स्त्रीपणच उणे झाले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यामागे हीच जाणीव होती की हे उणेपण देहाने नव्हे, समाजाने ठरवले होते. दुसरीकडे कोकणातली गौर पाहा. कुठे ती तेरड्याच्या रोपांची असते, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची. त्या खड्यांना आपण माहेरवाशीण म्हणून घरात घेतो, तिची पावले काढतो, तिला गोडाधोडाचे जेवू घालतो. म्हणजे आचारात स्त्रीत्व हे देह, नाते आणि भाव अशा तिन्हींनी ठरत आले आहे, आणि ही तीन एकमेकांपासून सुटी होऊ शकतात, हे आचारालाच ठाऊक आहे. एखाद्या माणसात ती निराळ्या रीतीने जुळून आली, तर त्याने धर्माबाहेरचे काही केलेले नाही.

येथे अर्धनारीश्वराचा आणि संतांचा दाखला हमखास दिला जातो, आणि त्याला मर्यादा आहेत हे मान्य केले पाहिजे. याच जिल्ह्यातल्या घारापुरीच्या मोठ्या लेण्यात सहाव्या शतकातला अर्धनारीश्वर आहे: उजवे अंग शिवाचे, डावे पार्वतीचे, एका हाती आरसा, बाजूला नंदी. ज्ञानेश्वरांनी १२९० साली जेथे ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशात विष्णूची मोहिनीराज म्हणून पूजा होते. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आणि एकनाथांच्या गौळणी स्त्रीच्या तोंडून बोलतात. विठ्ठलाला वारकरी माउली म्हणतात. विचारी टीकाकार म्हणतो की मूर्ती हे तत्त्वाचे प्रतीक आहे, गौळण हा कवीने घेतलेला भाव आहे. त्यावरून कुणा माणसाची ओळख सिद्ध होत नाही. हे बरोबर आहे. एकनाथ गौळण रचून झाल्यावर पैठणातल्या आपल्या घरी पती आणि पिता म्हणूनच राहत होते. पण या दाखल्यांवरून एक मर्यादित आणि महत्त्वाची गोष्ट निश्चित सिद्ध होते. स्त्री आणि पुरुष एकाच रूपात नांदणे हे आपल्या परंपरेने व्यंग मानले नाही, पूर्णतेचे रूप मानले. आणि पुरुषाने स्त्रीभाव धरणे तिला अधःपात वाटले नाही, देवाजवळ जाण्याची वाट वाटली. म्हणून अशा माणसाबद्दल वाटणारी किळस कुणी बाळगलीच, तर ती त्याची स्वतःची आहे. तिला धर्माचा आधार सांगता येणार नाही.

मग शास्त्र काय म्हणते, असा पुढचा प्रश्न येतो. मनुस्मृती क्लीबाला वारसाहक्क नाकारते, हे लपवण्यात अर्थ नाही. तीच स्मृती त्याला अन्नवस्त्र देणे घरच्यांचे कर्तव्य ठरवते, हेही सांगायला हवे. पण आंधळ्या-बहिऱ्यांनाही तेथे त्याच यादीत वारसा नाकारला आहे, आणि तो नियम आज कुणी धर्मनिष्ठ माणूस आपल्या घरात पाळत नाही. इतर सगळ्यांसाठी बाजूला ठेवलेले वचन एकासाठी जागे ठेवणे याला शास्त्रनिष्ठा म्हणता येत नाही. हे सगळे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे, हा आक्षेपही इतिहासापुढे टिकत नाही. रेणुका-यल्लम्माचे जोगते लुगडे नेसून डोक्यावर देवीचा ‘जग’ म्हणजे मूर्तीची टोपली घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. मराठी मुलखात हिजड्यांना गावाकडून वतनी हक्क होते. ते पुढे चालवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या इंग्रज सरकारने नकार दिला, आणि १८७१च्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानात त्यांची गुन्हेगारांसारखी नोंद सुरू झाली. म्हणजे बाहेरून आली ती ओळख नव्हे, तिच्यावरची बंदी. उलट १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने स्वतः जाणलेली लिंगओळख मान्य केली, आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याने केलेल्या मूळ व्याख्येत जोगता हा शब्द नव्या काळातल्या ओळखींच्या शेजारीच आला.

सर्वांत विचार करण्याजोगा आक्षेप स्त्रियांकडून येतो. स्त्रीत्व हा भाव ठरवला, तर पाळी, बाळंतपण, हुंडा, मारहाण यांतून गेलेल्या बाईच्या वाट्याचे काय? तिचे दुःख कुणाच्या भावनेचा विषय नाही. शिवाय स्त्रीत्व म्हणजे लुगडे, बांगड्या आणि मवाळ बोलणे, हा जुनाच साचा यातून घट्ट होणार नाही का? पहिल्या शंकेला उत्तर असे की, स्त्रीदेहामुळे सोसाव्या लागणाऱ्या अन्यायावर दाद मागण्याचा स्त्रियांचा हक्क अबाधित आहे, आणि त्याविरुद्धचे कायदे, सोयी, संघटना त्यांच्याच आधाराने उभ्या राहिल्या पाहिजेत. ‘मी पूर्ण स्त्री नाही, पण स्त्रीत्वाशी माझे नाते आहे’ असे म्हणणारी व्यक्ती तो हक्क हिरावून घेत नाही. तिच्या वाक्याचा पहिला अर्धा भागच तो फरक मान्य करतो. आणि स्त्रीत्वाला जवळ केल्याबद्दल जो मार ती खाते, त्याच्या मुळाशी बाईला कमी लेखणारी तीच वृत्ती असते. दुसरी शंका अधिक खोल आहे. साचा मोडायचा असेल, तर गीतेची ती सात नावे पुन्हा आठवावी लागतील. मेधा आणि धृती यांना स्त्रीत्व म्हटल्यावर बांगडी हे त्याचे प्रमाण उरत नाही. ज्या माणसांना स्त्रीत्वाची जवळीक आहे पण त्याच्या ठरलेल्या खुणा नको आहेत, ती तर या साच्याला स्वतःच्या जगण्यानेच प्रश्न विचारत आहेत. या लढ्यात ती बायकांची सोबती आहेत.

म्हणून धर्म मानणाऱ्याचे कर्तव्य मला स्पष्ट दिसते, आणि ते आशीर्वादापुरते थांबत नाही. बाळ जन्मले किंवा लग्न झाले की आपण तृतीयपंथीयांचा आशीर्वाद मागतो. पण त्यांनाच भाड्याने खोली देत नाही, वर्गात शेजारी बसवून घेत नाही, कारखान्यात काम देत नाही. त्यांच्या वाणीत पुण्य आहे असे मानायचे आणि त्यांच्या जगण्यात काही मान नाही असे वागायचे, हे कुठल्याही तत्त्वज्ञानात बसत नाही. पेण-रोह्यातल्या एखाद्या घरात मूल आपल्या ओळखीबद्दल बोलू लागले, तर त्याला देवऋषीकडे नेण्याऐवजी त्याचे ऐकून घ्यावे. त्याने घेतलेल्या नावाने त्याला हाक मारावी. शाळेत त्याची टवाळी होत असेल तर पालकांनीच पुढे होऊन ती थांबवावी. हळदीकुंकवाला येण्याची ज्याची इच्छा आहे त्याला यजमानीणबाईंनी आपणहून बोलवावे. यातले काहीही करायला नवे शास्त्र लिहावे लागत नाही. आत्मा लिंगातीत आहे आणि ईश्वर प्रत्येकाच्या आत आहे, ही दोन वाक्ये आपण आधीच मान्य केली आहेत. ती ज्यांना ऐकवत आलो त्यांनी आजवर भरपूर ऐकून घेतले. आता ती स्वतःला ऐकवून त्यांप्रमाणे वागणे हे आपले काम आहे.