जो सामना कूफॅक्स खेळला नाही

६ ऑक्टोबर १९६५. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ब्लूमिंग्टनच्या मैदानावर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. लॉस एंजेलिस डॉजर्सकडे त्या काळातला सर्वांत भेदक पिचर होता, सँडी कूफॅक्स. त्या हंगामात त्याने ३८२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. महिनाही झाला नव्हता, ९ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध सत्तावीस फलंदाज आले आणि सत्ताविसांपैकी एकालाही त्याने पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. पहिल्या सामन्यात चेंडू त्याच्याच हातात असणार, हे गृहीतच होते. पण तो खेळला नाही. त्या दिवशी योम किप्पूर होता.

ज्यूंच्या वर्षातला हा प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही आणि काम तर नाहीच. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्रायल समाजात हा दिवस दारे लावून घेऊन, निर्जळी उपास करून पाळला जाई. याच समाजाला गावोगावी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. पोटापाण्याचा धंदा कुठे थांबवायचा, हा प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या तेल्यालाही पडला होता आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या या डावखुऱ्या पिचरलाही.

मात्र कूफॅक्स काही कर्मठ ज्यू नव्हता. रोजचे आचार पाळणारा, सिनेगॉगमध्ये नेमाने जाणारा असा त्याचा लौकिक कधीच नव्हता. त्या दिवशी तो सेंट पॉलच्या सिनेगॉगमध्ये दिसला, असे सांगणारी माणसे पुढे कितीतरी वर्षे भेटत राहिली. त्याची चरित्रकार जेन लेव्ही हिने मात्र तो हॉटेलच्या खोलीतच होता असे नोंदवले आहे. मग हा धर्म म्हणायचा का? श्रद्धेची खात्री नसताना पाळलेल्या व्रताला व्रत म्हणता येते का?

मला वाटते, येते. ज्यू परंपरेत आचरणाला मोठे वजन आहे. मनात काय आहे याची चौकशी पुढची; आधी त्या दिवशी तुझे हात थांबले का, हे पाहिले जाते. शिवाय उपासाच्या दिवशी माणूस एकटा नसतो. त्याच वेळी जगभर हजारो घरांत चुली थंड असतात. कूफॅक्सने त्या माणसांच्या रांगेतली आपली जागा सोडली नाही, एवढेच केले. ते खोलीत बसून केले की देवळात जाऊन, याने फार फरक पडत नाही. १९६६ साली आलेल्या आत्मचरित्रात तो या निर्णयाबद्दल अगदी थोडके बोलतो: त्या दिवशी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याआधीच्या हंगामांतही त्याने तो दिवस पाळला होता.

डेट्रॉइट टायगर्सच्या हँक ग्रीनबर्गची १९३४ मधली घालमेल यापेक्षा कठीण होती. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, त्या दिवशी खेळावे की नाही यावर शहरभर चर्चा झाली. तो खेळला, दोन होमरन मारले आणि टायगर्स २-१ ने जिंकले. आठवड्याभराने आलेल्या योम किप्पूरला मात्र तो बसला, आणि संघ हरला. तो सिनेगॉगमध्ये शिरला तेव्हा लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. युरोपात ज्यूद्वेष उघडपणे सत्तेवर आलेला तो काळ होता. त्या टाळ्यांमध्ये भीतीही असेल आणि अभिमानही.

खरी अडचण दुसरीच आहे. आपण शेजारधर्म म्हणतो, मित्रधर्म म्हणतो; तसा संघातल्या माणसाचाही एक धर्म असतो. वर्षभर राबलेल्या सहकाऱ्यांना ऐन वेळी सोडून बसणे योग्य का? कूफॅक्सच्या जागी डॉन ड्रायस्डेल उतरला. त्या वर्षी २३ सामने जिंकलेला हा पिचर काही कच्चा नव्हता, पण तिसरी इनिंग संपायच्या आत त्याच्याविरुद्ध सात धावा निघाल्या. डॉजर्स ८-२ असे हरले. दुसऱ्या दिवशी कूफॅक्स आला आणि तोही हरला. तेव्हा मालिका गेली असती, तर हॉटेलच्या खोलीतला तो दिवस त्याला जन्मभर ऐकून घ्यावा लागला असता. व्रताची किंमत आधी कळत नाही; ती देण्याची तयारी मात्र आधीच ठेवावी लागते.

मालिका सात सामन्यांपर्यंत गेली. पाचवा सामना कूफॅक्सने ७-० असा जिंकून दिला होता. १४ ऑक्टोबरला, केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, तो पुन्हा उभा राहिला. त्याच्या डाव्या कोपराला संधिवात होता. सामन्याआधी झोंबणारे मलम चोळायचे आणि नंतर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचे, हा त्याचा नेहमीचा परिपाठ. त्या दिवशी त्याचा वळणारा चेंडू वळेचना. मग त्याने जवळपास फक्त वेगवान चेंडूंवर पूर्ण सामना काढला. नवव्या इनिंगमध्ये मिनेसोटाच्या संघाचा किलब्रू बेसवर असताना त्याचा सहकारी बॉब अॅलिसन स्ट्राइकआउट झाला आणि डॉजर्स २-० ने जगज्जेते ठरले.

पुढच्या वर्षी २७ सामने जिंकूनही त्याने खेळ सोडला. वय होते ३०. हात कायमचा निकामी होण्याची भीती होती आणि उरलेले आयुष्य त्याला धड हाताने जगायचे होते. मला या दोन निर्णयांत एकच माणूस दिसतो. बेसबॉलवर त्याने जीव लावला, वेदना सोसल्या, पण आपला सगळा माणूस त्याने खेळाच्या स्वाधीन केला नाही.

२००१ मध्ये त्याच डॉजर्सचा शॉन ग्रीन सलग ४१५ सामने खेळलेला होता. २६ सप्टेंबरला योम किप्पूरच्या उपासासाठी तो बसला आणि ती साखळी तिथेच तुटली.