वेगळा दर

‘मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला, तिथेच फसला,’ असं लातूरच्या एका करसल्लागार मित्राने परवा पुन्हा ऐकवलं. दाखला सायप्रसचा. एवढासा देश, पण युरोपीय संघात शिरताना 10 टक्के कर कसा पदरात पाडून घेतला!

नागपूर करार, घटनेतलं 371(2), विकासाचा अनुशेष ही कहाणी वाचकाला पाठ आहे. सायप्रसचा दाखला मात्र मला डाचत राहिला, कारण तो अर्धाच आहे. तिथे परदेशी मालकीच्या, देशाबाहेर धंदा करणाऱ्या कंपन्यांना कर होता 4.25 टक्के आणि स्थानिक कंपन्यांना 20 ते 25. युरोपला खटकला तो हा दुजाभाव. म्हणून 2003 पासून स्थानिक आणि परदेशी कंपन्यांसाठी 10 टक्के हा समान दर ठरला आणि 1 मे 2004 ला देश संघात गेला. कमी दर ही एक गोष्ट, वेगळा दर ही दुसरी. मित्र दोन्ही एकाच पिशवीत घालतो.

आणि मुदत, सवलत आपल्याला कधी मिळालीच नाही, हेही खरं नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता; तिथे हाली सिक्का हे वेगळं चलन होतं, सरहद्दीवर करोडगिरी म्हणजे जकात होती. लातूरचा माल छोट्या गाडीने बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात जायचा. 1948 मध्ये हे राज्य भारतात आल्यानंतरही करोडगिरी लगेच उठली नाही. अशी जकात केंद्राशी करार करून दहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा घटनेच्या तेव्हाच्या अनुच्छेद 306 मध्ये होती. प्राप्तिकरातही हैदराबादसारख्या राज्यांना 1950 मध्ये सवलती मिळाल्या. जकातीची मुदत कामी आली ती हैदराबादच्या तिजोरीच्या. लातूर-नांदेडच्या अडत्याच्या वाट्याला नाकाच आला.

‘तेव्हाचं जाऊ दे, सवलत आता मागू,’ मित्र म्हणतो. मीही त्याचीच बाजू मांडायला बसलो होतो. पण राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. मागास तालुक्यांना तिच्यात झुकतं माप मिळतं, तेही मुख्यतः नव्या किंवा विस्तारणाऱ्या उद्योगाला. लातुरात पिढ्यान्‌पिढ्या तूरडाळ भरडणारा मिलवाला आहे तेवढ्यावरच चालवत असेल, तर तो त्यात बसत नाही. सायप्रसने मोडला तो दुजाभाव आपण मागासपणाचा उतारा म्हणून मागतो आहोत. तेव्हा मित्रा, मुंबईला निवेदन धाडशील तेव्हा पहिली ओळ या जुन्या डाळमिलीसाठी लिही.