इंच-दीड इंच

मोटारगाडी या विषयात माझा अधिकार मागच्या सीटवर बसून "जरा हळू" म्हणण्यापुरता. पस्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली आणि एक स्कूटर बाळगली. तीही चालवली कमी, ढकलली जास्त. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या भाच्याकडे गेलो असताना त्यानं एका सकाळी गंभीरपणे विचारलं, "मामा, गाडी खाली घ्यावी का रे?" तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणालो, "खालीच तर आहे. वर कुठे आहे?"

भाच्यानं एक सुस्कारा सोडला. इंग्लंडात राहून त्याला सुस्कारे फार सभ्य सोडता येतात. "तसं नव्हे. तिचं अंग खाली घ्यायचं. इंच-दीड इंच."

आता मला सांगा, जिच्यात बसायला सूर्यनमस्कारातलं निम्मं आसन घालावं लागतं आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागतो, ती गाडी आणखी खाली? आमची ही तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "यापेक्षा आपला पाट बरा."

पण भाच्याची बाजूही ऐकायला हवी. ही गाडी म्हणजे एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात जन्मलेली. १९६२ साली ती बाजारात आली, १९८० साली बंद झाली आणि त्याच साली कारखान्यालाही टाळं लागलं. मधल्या काळात पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. घरात मिळवता एकच असला की सगळं घर त्याच्या तब्येतीनं वागतं, तशातली गत झाली. अमेरिकन सरकारनं सत्तरीच्या दशकात फर्मान काढलं, की ताशी ५ मैल वेगानं गाडी आपटली तरी दिवेबिवे शाबूत राहिले पाहिजेत आणि बंपर जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर असला पाहिजे. झालं! १९७४ च्या अखेरीस बारीक कोरलेल्या मिशीसारखा तो चकचकीत क्रोमचा बंपर गेला आणि त्याच्या जागी काळा रबरी जबडा आला. उंचीचं काय करायचं? नवं अंग घडवायचं तर पैसा हवा. तेव्हा खुंटी खाली आणण्याऐवजी पोराला स्टुलावर उभं करावं, तशी अख्खी गाडीच उचलून ठेवली. गंमत म्हणजे ज्या गाड्या अमेरिकेला कधी जाणारच नव्हत्या त्याही उचलल्या. भाच्याची १९७५ सालची गाडी त्यांतली. बिचारीनं आयुष्यात अटलांटिक पाहिलेला नाही, पण टाचा मात्र उचललेल्या!

टाचा उचलून पळणाऱ्याचं जे होतं तेच तिचं होतं. वळणावर अंग कलतं. वजन उंच गेलं की ते वळणावर बाहेर झुकतं, हे कडब्याची गाडी पाहिलेल्या माणसाला शिकवायला नको. त्यात हे कलणं आवरणारी पुढची लोखंडी कांब, तिला अँटी-रोल बार म्हणतात, तीही कंपनीनं खर्च वाचवायला उघड्या गाड्यांतून काढून टाकली होती. कांब १९७६ मध्ये परत आली. उंची मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.

उपाय अगदी सोपा. पुढे आखूड स्प्रिंगा घालायच्या. मागे आपल्या ट्रकला असतात तसले पाटे आहेत. ते आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एकेक ठोकळा घालायचा, की गाडी बसली खाली. तोटा एवढाच, की स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो. तिकडे स्पीडब्रेकरला 'झोपलेला पोलीस' म्हणतात. आपल्याकडे झोपलेल्या पोलिसाची एवढी भीती कोणी बाळगत नाही.

मग अडलं कुठे? अडलं नीतिशास्त्रात. भाच्यानं ही गाडी शेजारच्या गावातल्या एका आजीबाईंकडून घेतली होती. त्यांच्या यजमानांनी ती चाळीसएक वर्षं वापरली. ते गेल्यावर बाईंनी ती भाच्याला दिली आणि किल्ली हातात ठेवताना म्हणाल्या, "जशी आहे तशी ठेवशील ना?" भाचा म्हणाला, "हो." माणूस किल्ली घेताना कशालाही हो म्हणतो. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारा.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ही 'आहे तशी' म्हणजे कशी? ज्यांनी गाडी आखली त्यांनी ती खालीच आखली होती. वर केली ती कायद्यानं. मी खाली घेतली तर बदलली कुठे? उलट तिचं खरं रूप तिला परत दिलं."

मुद्दा बिनतोड होता. कायद्यालाही हाच पेच पडलेला दिसतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण अट अशी, की गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे म्हातारपणी सवलत हवी असेल तर स्वभाव बदलायचा नाही. आमच्या ओळखीत हे व्रत पुष्कळांनी पाळलंय. स्प्रिंगा बदलणं या 'मोठ्या बदलात' धरत नाहीत, असं भाच्याचं म्हणणं. तेव्हा सरकारनं सोडलं होतं. उरला होतो मी.

रात्री मला झोप येईना. कारण प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. मीसुद्धा मुळात गायक म्हणून आखलेला माणूस. वडिलांनी बी.कॉम.च्या रबरी बंपरवर उचलून ठेवला. आता सत्तरीत कोणी येऊन म्हणालं, "चला, तुमचं खरं रूप परत देतो, बसा तंबोरा घेऊन," तर? पस्तीस वर्षांचा तो कारकून कुठे टाकायचा? खातेदाराचे सव्वातीन रुपये जुळेनात म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेला तो माणूस खोटा होता की काय? लादलेली गोष्ट वाईट, हे कबूल. पण तिच्यासकट जगलेली वर्षं तर आपलीच ना?

सकाळी मी निकाल दिला, "वचन ज्यांना दिलंस त्यांना विचार." बँकेतली जुनी सवय. निर्णय घ्यायची वेळ आली की कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा.

दुपारी आम्ही गेलो. आजीबाईंनी चहा दिला, भाच्यानं चाचरत विषय काढला. बाई काही न बोलता उठल्या आणि मागच्या शेडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वरच्या फळीवर खोकं आहे, ते काढ."

खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन आखूड स्प्रिंगा होत्या आणि दोन ठोकळे. कधी न वापरलेले.

"त्यानं आणून ठेवले होते," बाई म्हणाल्या. "ज्या आठवड्यात बसवायचे होते त्याच आठवड्यात माझं कंबरेचं दुखणं सुरू झालं. मला कसंबसं त्या गाडीत बसता येत होतं. तो म्हणाला, राहू दे, पुढच्या उन्हाळ्यात बघू. मग दर उन्हाळ्यात म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात."

"इंचभरानं एवढा फरक पडतो?" मी विचारलं.

"कंबर दुखत असली की इंच म्हणजे मजला," त्या म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून, "तुला हवं तर बसव हो. मी 'आहे तशी ठेव' म्हटलं ते एवढ्याचसाठी, की ती चालती ठेव. कापड घालून झाकून ठेवू नकोस."

परत येताना भाचा गप्प होता. मीही. वचनाची गाठ तर सुटली होती. ज्यांनी गाडी आखली त्यांच्या मनात एक उंची होती, कायद्याच्या मनात दुसरी. दोन्ही भाच्याला ठाऊक होत्या. तिसरी त्याच्या यादीत नव्हती. अमेरिकन सरकारनं लादलेला इंच-दीड इंच एका इंग्रज नवऱ्यानं बायकोसाठी राखून ठेवला होता. लादलेलं ते कधी आपलं झालं, याची नोंद कुठल्या कारखान्यात मिळायची?

घरी पोचल्यावर आमच्या हिनं भाच्याचा हात धरला, एक "अगं आई गं" म्हटलं आणि गाडीत बसून पाहिलं. भाच्यानं ते पाहिलं आणि खोकं गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवलं. म्हणाला, "मामी आहे तोवर राहू दे."

आम्हाला पुण्याला परत येऊन आठ महिने झाले. परवा फोनवर विचारलं, "काय रे, घेतली का गाडी खाली?"

"पुढच्या उन्हाळ्यात बघू, मामा," तो म्हणाला.

त्याचं लग्न ठरतंय की काय, असा मला संशय आहे.