संगणक कुठे गेला, आणि पिना कोणी वाकविल्या?

गेल्या आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. ते म्हणाले, "गुरुजी, आत्मा नाही हे मला पटलं. घरातले देव काढले तेव्हाही हात कापला नाही. पण एक गोष्ट रात्री छळते. आत्माच नसेल, तर वाईट करणारा कोण आणि त्याचं फळ भोगणारा कोण? उद्या माझं पोरगं म्हणालं, कालचा तो मी नव्हतोच, तर त्याला काय सांगू?"

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. लोक मोठ्या विश्वासाने विचारतात आणि आपल्याला येत नाही असे म्हणवत नाही. त्या दिवशी ग्रंथातले चार जड शब्द सांगून मी वेळ मारून नेली. त्यांचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. उत्तर मला पुढे शाळेत, वर्गात मिळाले. ते कसे मिळाले हे सांगणे मला फारसे भूषणावह नाही, तरी वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या शाळेत नववीला मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे हा त्यांचा आग्रह होता आणि त्यातूनच हा विषय शाळांत आला. ज्या देशात पोथी वाचणारा वर आणि हाताने राबणारा खाली बसविला गेला, त्या देशात शाळेच्या वेळापत्रकात पान्याला आणि पेचकसाला तास मिळावा ही लहान गोष्ट नव्हे. असो.

कार्यालयात नवे यंत्र आल्यामुळे जुना संगणक कोपऱ्यात पडून होता. मुख्याध्यापकांनी तो आम्हांला दिला, पण अट घातली: सुटा करा, मात्र पुन्हा जोडून चालू करून दाखवा, कारण डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे. त्याच्या पेटीवर कित्येक खंडेनवम्यांचे हळदकुंकू वाळून बसले होते. पहिला स्क्रू काढायला एक मुलगा पुढे होईना. "सर, याची पूजा झालेली आहे," तो म्हणाला. मी त्याला ओले फडके दिले. पेटी पुसून झाल्यावर त्याचाच हात सर्वांत आधी पेचकसाकडे गेला.

वर्तमानपत्रे अंथरून त्यावर एकेक भाग मांडला. घरातल्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा पुरवठ्याचा डबा आम्ही बाजूला ठेवला, पण उघडला नाही. तार काढल्यावरही त्याच्या आतील संधारकांत वीज साठून राहते आणि ती जिवावर बेतू शकते. मग स्मृतीच्या पट्ट्या, पंखा, हार्ड डिस्क, मुख्य पट्टी, आणि रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल. हा सेल संपल्यामुळेच यंत्र दररोज सकाळी त्याच त्या जुन्या सालात जागे होत असे. कारकून म्हणत, याला जुने दिवस सुटत नाहीत.

वर्गात एक मुलगा होता, त्याच्या वडिलांचा भंगाराचा धंदा आहे. कोणता स्क्रू कशाचा हे त्याला न सांगता कळे. उघडून पाहायला एक मेलेली हार्ड डिस्कही त्याने घरून आणली होती, कारण शाळेची उघडली तर ती कायमची जाईल हे त्याला ठाऊक होते.

सगळे मांडून झाल्यावर एका मुलीने विचारले, "सर, आता कॉम्प्युटर कुठे गेला?"

वाचक हो, हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांचा संवाद आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, ते याच दोघांवरून. नागसेन म्हणाले, नागसेन हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, त्यामागे कोणी कायमचा पुरुष नाही. मग त्यांनी राजाला त्याच्या रथाविषयी विचारले. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. हे सर्व एका विशिष्ट रीतीने जुळते तेव्हा आपण त्याला रथ म्हणतो, इतकेच. मुलीला मी हेच सांगितले. कॉम्प्युटर कोठे गेला नाही, कारण या भागांखेरीज तो वेगळा कोठे बसलेलाच नव्हता.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे सगळं शरीर झालं. सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा." हे वाक्य त्याने कोठे ऐकले ते मला ठाऊक आहे. प्रवचनकारांना हल्ली ही उपमा फार आवडते आणि ती मोबाइलवरून आपल्याही घरांत येते. दीक्षा घेऊनही पुष्कळ जण ती माना डोलवीत ऐकतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

भंगारातून आलेली ती डिस्क आम्ही उघडली. आत आरशासारख्या तबकड्या होत्या. अशा डिस्का मिनिटाला साधारण ७२०० वेळा फिरतात. तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यातले सूक्ष्म कण कोणत्या दिशेने चुंबकित झाले आहेत, यातच सारी माहिती असते. सॉफ्टवेअर म्हणतात ते असे लिहिलेले असते. ते माणसांनी तुकड्यातुकड्याने रचलेले असते, चुकते, दुरुस्त होते, पुसले जाते. आत्मा मानणारे ज्याला नित्य, अखंड, अविकारी म्हणतात, त्यातला एकही गुण त्याच्यात नाही. उपमा देणाऱ्याने आत उघडून पाहिलेले नसते, एवढाच तिचा अर्थ. स्मृतीच्या पट्टीत तर वीज बंद होताच काही उरत नाही. "मग ते जातं कुठे?" मुलांनी विचारले. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला तथागतांनी उलट विचारले होते की, विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला? जळण संपले, अग्नी विझला. कोठे गेला हा प्रश्नच त्याला लागू पडत नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वास अधम्मात घातला आहे. तो तास संपला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर काढायचा होता. हा पेंटियम ४ जातीचा, खाली ४७८ बारीक पिना असलेला. त्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा असतो आणि दोहोंच्या मध्ये लेप असतो. वर्षानुवर्षे तापून हा लेप गोंदासारखा चिकटलेला होता. मी ठोकळा धरून सरळ वर ओढला. कट्‌ असा आवाज झाला आणि खटका बंद असतानाच प्रोसेसर खोबणीतून उपटून ठोकळ्याबरोबर वर आला. तेवढ्यात घंटा झाली. भंगारवाल्याच्या मुलाने तो हलक्या हाताने सोडवून डबीत ठेवला.

सकाळी मुख्याध्यापकांनी डबी उघडून पाहिली. चार पिना वाकल्या होत्या. शेवटी कोणी हाताळला, असे त्यांनी विचारले. वर्ग त्या मुलाकडे पाहू लागला. "भंगारवाल्याच्या पोराच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार?" असे म्हणून त्यांनी त्याच्या वडिलांना बोलावणे धाडले. मुलाने खाली पाहिले. त्याने सगळे पाहिले होते. मी दोन हातांवर उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्या रात्री माझ्या मनाने मला जे सांगितले ते लिहिताना लाज वाटते. मन म्हणाले, यात कर्ता असा कोण आहे? लेप वाळलेला होता, खटका बंद होता, घंटा झाली, यंत्र जुने होते. अनेक प्रत्यय एकत्र आले आणि पिना वाकल्या. यातला शब्दनशब्द खरा होता आणि मी त्याचा उपयोग खोट्यासाठी करीत होतो. कारणपरंपरेचे हे ज्ञान मला नुकसान झाल्यावर आठवले. पगाराच्या तारखेला ते कधी आठवत नाही, तेव्हा पगार अगदी माझाच असतो. आणि आणखी एक. रथ हे नुसते नाव आहे असे ज्या वर्गात मी शिकविले, त्याच वर्गात भंगारवाला या नुसत्या नावावरून एक मुलगा दोषी ठरला. त्या नावाची चाके आणि आस सुटी करून पाहावी असे मला सुचले नाही. वास्तविक ते मला सर्वांआधी सुचायला हवे होते. आमच्या बापजाद्यांना नावावरूनच ओळखले जात होते.

मी 'मिलिंदपञ्ह' पुन्हा उघडला. राजाची हरकत मी आजवर घाईने वाचून पुढे जात असे. रथाचा दाखला येण्यापूर्वीच राजा म्हणतो की, पुरुषच नसेल तर शील पाळणारा कोण, आणि तुम्हांला कोणी ठार मारले तर तो खुनी तरी कसा ठरेल? म्हणजे विहारातल्या त्या गृहस्थांचाच प्रश्न. पुढे नागसेन आंब्याचा दाखला देतात. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, याने पेरले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. राजा सांगतो, तरीही तो शिक्षेस पात्रच आहे, कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच झाले. परंपरेत हा दाखला पुनर्जन्माच्या संदर्भात येतो. मला तो मंगळवार आणि बुधवार एवढ्यापुरताच पुरला. मंगळवारी ओढणारा हात आणि बुधवारी गप्प बसणारे तोंड यांच्यामध्ये एखादा आत्मा असण्याची गरज नव्हती. एकातून दुसरे आले होते, आणि त्याचा भार तिसऱ्याच्या डोक्यावर पडला होता. उलट माझ्या आत जन्मतः ठरलेला, न बदलणारा कोणी भित्रा बसलेला असता, तर गुरुवारी मी काही वेगळे करण्याची आशाच नव्हती.

गुरुवारी मी वर्गात सांगितले, मुख्याध्यापकांना सांगितले, आणि रजिस्टरात नुकसानीच्या शेऱ्याखाली माझे नाव लिहून सही केली. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढं मनावर घेऊ नका." हीच सवलत त्या मुलाला मिळाली नव्हती. यांत्रिक पेन्सिलीतले शिसे काढून तिचे पोकळ टोक एकेका पिनेवर बसवीत त्या मुलानेच चारही पिना सरळ केल्या. यंत्र तिसऱ्या खेपेला सुरू झाले. नवा सेल घातला होता, तरी तारीख जुनीच होती. ती मुलीने बसविली.

श्रावण पौर्णिमेला त्या गृहस्थांना मी हे सारे सांगितले. आंब्याचा दाखला त्यांना पटला असे दिसले. थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या मुलाच्या बापाला जाऊन सांगितलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग अर्धंच झालं की, गुरुजी."

रविवारी गेलो. ते दुकानासमोर तारांवरचे रबर सोलीत बसले होते. मी बोलत असता त्यांनी हातातले काम थांबविले नाही. बोलणे संपल्यावर मात्र हात पुसले आणि म्हणाले, "तो आधी अर्धा तास चालू ठेवून गरम करायचा असतो. मग हळू पिळायचा, वर ओढायचा नाही. पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."